टेक्निकल रायटिंगचा कोर्स करावा का? ६५ हजार मागतायत

चाकणचा_क्वालिटीवाला
नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकलवाला, सहा वर्षं झाली क्वालिटीमध्ये आहे, शिफ्ट ड्युटीला कंटाळलोय. आमच्याकडे वर्क इन्स्ट्रक्शन आणि एसओपी (कुठलं काम कसं करायचं त्याची ठरलेली पद्धत) लिहायचं काम कुणालाच नको असतं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडायला लागलं. एका मित्राने सांगितलं की याला टेक्निकल रायटिंग म्हणतात आणि त्याचे वेगळे पगार असतात, मला पत्ताच नव्हता. एका क्लासमध्ये चौकशी केली, तीन महिने, ६५ हजार, "शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स". दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश लिहिता येतं पण बोलताना अडखळतो. शिवाय आता एआय सगळं लिहितंय म्हणतात, मग यात शिरावं की नाही? कुणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज सांगा.

बोरूबहाद्दर
१४ वर्षं याच धंद्यात आहे, आधी हिंजवडी आता घरून. पहिलं म्हणजे "असिस्टन्स" हा शब्द नीट वाच भाऊ, प्लेसमेंट नाही म्हणालेत ते.

पैसे भरायच्या आधी गूगलचे टेक्निकल रायटिंग वन आणि टू हे दोन कोर्स कर, फुकट आहेत, दोन-तीन वीकेंडचं काम. मायक्रोसॉफ्टची स्टाइल गाइड ऑनलाइन उघडी पडलीये, ती रोज दोन पानं वाच. मग टूल्स. सॉफ्टवेअर कंपनीत जायचं असेल तर मार्कडाउन (साध्या टेक्स्टमध्येच हेडिंग, यादीच्या खुणा करायची पद्धत) आणि गिट (फाइलमध्ये कुणी कधी काय बदललं ते नोंदवणारं टूल) शिक, कारण तिथे आता डॉक्युमेंट पण कोडसारखंच रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या सामायिक साठ्यात ठेवतात आणि रिव्ह्यू पण तसाच होतो. मशिनरी, ऑटो, मेडिकल उपकरणं असल्या ठिकाणी एक्सएमएल (मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे त्याचं लेबल लावायची पद्धत) आणि त्यावरच बेतलेलं डिटा विचारतात. डिटा मूळ आयबीएममधलं, २००५ पासून खुलं स्टँडर्ड आहे. नाव ऐकून घाबरू नकोस, गोष्ट साधी आहे, अख्खं मॅन्युअल एका फाइलमध्ये न लिहिता तुकडे करायचे, हे काय आहे तो एक तुकडा, कसं करायचं तो दुसरा, आकडे-तक्ते तिसरा, आणि तोच सेफ्टीचा तुकडा दहा मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वापरायचा. बदल एकदाच करायचा, दहाही ठिकाणी होतो. ऑक्सिजन एक्सएमएल एडिटरची महिन्याची ट्रायल मिळते, तेवढ्यात हात बसतो.

एआयचं म्हणशील तर ड्राफ्ट ते छान पाडतं. पण बोल्टचा टॉर्क चुकीचा छापलाय हे कोण ओळखणार? तू ओळखशील, लिटरेचर करून आलेला माझ्यासारखा नाही ओळखणार. इंजिनिअरच्या मागे लागून माहिती काढणं हे अर्धं काम असतं या धंद्यात, आणि ते तू शॉपफ्लोअरवर सहा वर्षं करतोच आहेस. इंटरव्ह्यूला सॅम्पल मागतात, सर्टिफिकेट मला तरी कुणी विचारलं नाही.

सातारी_कंदी
मी असाच कोर्स केलाय (दुसरीकडे, नाव नको). पूर्ण वाया गेला नाही हं. घरी बसून माझ्याच्याने अभ्यास झाला नसता, लेकरू लहान होतं, क्लासमुळे रोज लिहावं लागलं आणि बॅचमधल्या दोघींशी अजून संपर्क आहे, त्यातल्या एकीनेच मला नोकरीला रेफर केलं. पण प्लेसमेंट म्हणजे काय तर आठवड्याला जॉब पोर्टलच्या लिंका फॉरवर्ड, बास. आणि त्यांच्या माहितीपत्रकात एसटीसीचं सर्टिफिकेशन असं मोठ्ठं लिहिलंय का बघ. ती टेक्निकल रायटर लोकांची अमेरिकेतली जुनी संस्था, १९५३ची, जानेवारी २०२५ मध्ये बंदच झाली. तरी कुणी त्या नावावर पैसे मागत असेल तर काय समजायचं ते समज.

लाल_शाई
मी रायटर नाही, एडिटर. एडिटर म्हणजे स्पेलिंग तपासणारी बाई असा समज आहे लोकांचा, ऑफिसातल्या सुद्धा. खरं काम हे की वाचणाऱ्याचा हात कुठे अडखळेल ते आधी बघायचं. बोलताना अडखळतोस ना, त्याची काळजी करू नकोस. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणून नियमावली आहे, मागितली की फुकट मिळते, ती मागव. त्यात एका शब्दाला एकच अर्थ. "फॉलो" म्हणजे फक्त मागून येणं, त्यामुळे "फॉलो द इन्स्ट्रक्शन्स" चालत नाही, "ओबे" लिहायचं! कृतीचं वाक्य जास्तीत जास्त २० शब्दांचं. आपल्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांना हे उलट सोपं जातं, फुलोरा नाहीच आपल्याकडे. अवघड जातं ते ए-ॲन-द, मला अजूनही जातं.

सॅम्पल हवं तर घरातलंच एखादं वाईट मॅन्युअल घे आणि परत लिहून इथे टाक. बघते.

चाकणचा_क्वालिटीवाला
सगळ्यांचे आभार, क्लासला तूर्त थांबा म्हणून कळवलं, त्यांचे रोज दोन फोन येतायत. बिल्डिंगच्या टाकीच्या मोनोब्लॉक पंपाचं मॅन्युअल घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही पण सहाव्या स्टेपला "पंप चालू करा" आणि सातव्या स्टेपच्या खाली बारीक अक्षरात "पाणी भरल्याशिवाय पंप चालवू नये"! तोपर्यंत कोरडा फिरून सील जळलेलं असणार. इंग्लिशमध्ये केलंय, इथे मराठीत सांगतो.
१. सक्शन पाइपचा जोड नीट घट्ट करा.
२. बूच काढा.
३. पंपात पाणी भरा.
४. बूच लावा.
५. पंप चालू करा.
कोरडा चालवू नका ही वॉर्निंग सगळ्यात वर घेतली.

लाल_शाई
वॉर्निंग वर घेतलीस, शाब्बास. आता लाल पेन. "नीट घट्ट" म्हणजे किती? हाताने की पान्याने? पाणी भरलं हे कसं कळणार, काठापर्यंत येऊन बुडबुडे थांबले की, हो ना? मग तसं लिही. आणि अरे दादा, एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा स्विच, कधी बंद केलास? वायर जिवंत ठेवून पाण्यात हात घालायला लावतोयस माणसाला.

बोरूबहाद्दर
😂 माझ्या पहिल्या नोकरीत मी पण हेच केलं होतं. आता एक काम कर, सुधारून कागद वॉचमनकाकांच्या हातात दे. तू बोलायचं नाही, फक्त उभं राहून बघायचं.

चाकणचा_क्वालिटीवाला
एमसीबी विसरलो, खरंच विसरलो, स्वतः करताना हात आपोआप जातो ना. सुधारलं. काकांना कागद दिला, मराठीच दिला. एमसीबी बरोबर पाडला, मग दुसऱ्या स्टेपला थांबले आणि म्हणाले, "बूच कंचं? हितं दोन हायेत." एक वरचं भरायचं, एक खालचं पाणी काढून टाकायचं. सहा वर्षं मी त्या पंपाशेजारी गाडी लावतोय. फोटो काढायला खाली चाललोय, बाण दाखवून टाकतो.