आखाजीनंतर बऱ्हाणपूर ते तोरणमाळ, घरच्या गाडीने: रस्ता कसा धरावा?

गिरणाकाठ, पाचोरा

राम राम मंडळी. यंदाची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आईच्या माहेरी, सावद्याला. सण आटोपला की तिथूनच चार-पाच दिवस फिरून यायचं घरात ठरलंय. गाडीत आम्ही दोघं, आई, अण्णा आणि आठवीतली मुलगी. अण्णांचं वय सत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी चालू, पण हौस दांडगी. यादी त्यांनीच वहीत उतरवून ठेवलीय: बऱ्हाणपूर, असीरगड, पाल, मनुदेवी, उनपदेव, तोरणमाळ, प्रकाशा, लळिंग.

आधी सपाटी आणि शेवटी सातपुडा, हा क्रम बरोबर आहे का? मे महिन्याच्या उन्हात म्हाताऱ्या माणसांना घेऊन दुपारी काय करायचं? गाडी सीएनजीवर चालते, पेट्रोलची टाकीही आहे. तोरणमाळचा घाट भरल्या गाडीने झेपेल ना? अण्णांची इच्छा मोडायची नाही, पण त्यांना ऊन लागू द्यायचं नाही. नीट माहीत असलेल्यांनी सांगा.

तापीखोरे, रावेर

भाऊ, मी केळीची गाडी चालवतो. ट्रकमध्ये खाली केळीची पानं अंथरून हिरवा माल रचतो, आणि उन्हाळ्यात तो माल दुपारी रस्त्यावर उभा ठेवायचा नाही हा आमचा पहिला नियम. ऊन लागलं की माल वाटेतच पिकायला लागतो. माणसं घेऊन जातानाही मी तोच नियम पाळतो. पहाटे साडेचार-पाचला चाक हललं पाहिजे आणि दहाच्या आत सावलीला थांबलं पाहिजे. मग थेट चारनंतर. आपली ही सगळी सपाटी तापीच्या खोऱ्यात खोलगट पडलीय, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो आणि तापलेली जमीन रात्री उशिरापर्यंत वाफ सोडत राहते. अकराच्या उन्हात एसी लावून रेटू असं मनातही आणू नका. पंक्चर झालं तर अण्णांना त्याच उन्हात रस्त्याकडेला उभं राहावं लागेल.

आता यादी. पाल, मनुदेवी आणि उनपदेव काढा. पाल डोंगरात असलं तरी फार उंच नाही, मे महिन्यात तिथेही तापतं. मनुदेवीचा धबधबा या दिवसांत कोरडा असतो, श्रावणात जा, डोळ्यांचं पारणं फिटेल. उनपदेवला गरम पाण्याचा झरा, ते थंडीतलं ठिकाण.

पहिला दिवस बऱ्हाणपूरला द्या. सावद्याहून रावेरमार्गे जा, पण अंधारातच निघून गावात न थांबता सरळ असीरगड गाठा, बऱ्हाणपूरच्या पुढे वीसेक किलोमीटर. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, म्हणजे अण्णांना फार चढायला नको. सूर्य वर यायच्या आत तटावरून फिरून घ्या. दख्खनचा दरवाजा म्हणायचे ते का, हे तटावर उभं राहून खालचा रस्ता बघितला की आपोआप कळतं. १६०१ साली अकबराला तो फार दिवसांच्या वेढ्यानंतरच मिळाला. वर महादेवाचं मंदिर आहे, अश्वत्थामा रोज पहाटे येऊन पूजा करून जातो असं तिथले लोक सांगतात. मुलीला हे जरूर सांगा, कारण याच सातपुड्यात पुढे नंदुरबारकडे अस्तंबा शिखर आहे, तिथेही अश्वत्थामाच, आणि दिवाळीत त्याची यात्रा भरते.

नऊच्या सुमाराला खाली बऱ्हाणपुरात या. तापीकाठचा शाही किल्ला आणि तिथला हमाम सकाळीच बघा. मुमताज १६३१ साली याच गावात वारली, ताजमहालाच्या आधी तिला इथेच पुरलं होतं. ऊन चढलं की कुंडी भंडारा. मोगल काळात डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी गावाला आणलं होतं, ते अजून वाहतं. खाली उतरायला लिफ्ट आहे, चालू आहे का ते आधी विचारून घ्या. मावा जिलेबी खाऊन दुपारभर लॉजवर आडवे व्हा आणि संध्याकाळी सावद्याला मामांकडे परत मुक्कामाला या.

दुसऱ्या दिवशीचा पल्ला मोठा आहे. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा. हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. कुठे गुळगुळीत, कुठे खड्डे, त्यामुळे किलोमीटर बघून वेळ काढू नका. पहाटे पाचला निघालात तर नाश्ता शिरपूरला. यावलच्या आसपास उजाडेल तेव्हा काच खाली घ्या, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, ठिबकचं पाणी रात्रभर चाललेलं असतं, हवा गार लागते. बागेच्या कडेला दाट कुंपण दिसेल, ते उष्ण वारा अडवायला लावलेलं असतं, नाहीतर पानं फाटून चिंध्या होतात. अण्णांना शेतीची आवड असेल तर तिथे पाच मिनिटं थांबा.

गाडीचं: टायरची हवा पहाटे, टायर थंड असताना तपासा. दुपारी तापल्यावर प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा सोडायची नाही. कुलंट आणि स्टेपनी घरूनच बघून निघा. घाटात इंजिनाचा काटा वर चढायला लागला तर एसी बंद, सावली बघून बाजूला घ्या, आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

महूफूल, धडगाव

वरच्या भाऊंनी सपाटीचं सांगितलं, डोंगराचं मी सांगते. मी इकडे शाळेवर शिक्षिका आहे, शहादा-तोरणमाळ माझं नेहमीचं येणं-जाणं.

शहाद्याला दहाला पोचलात तर दुपार तिथेच काढा आणि चारला निघा. वर साधारण पन्नास किलोमीटर. म्हसावद, राणीपूर आणि मग घाट. त्यातली सात पायरीची वळणं एकापाठोपाठ एक येतात. चांगल्या अवस्थेतली कुठलीही छोटी गाडी चढते, फक्त चढताना पेट्रोलवर ठेवा, आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सारखा ब्रेक दाबत उतरलात की ब्रेक तापून पकड सुटते. अंधार पडायच्या आत वर पोचा, वळणावर गुरं बसलेली असतात. पेट्रोल शहाद्यालाच भरा, वर सीएनजी नाही. नेटवर्कही भरवशाचं नाही, अण्णांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या.

एक सांगते, म्हणजे मन खट्टू व्हायला नको. तोरणमाळ साधारण १,१५० मीटरवर आहे. शहाद्याहून हजारेक मीटर उंच, म्हणजे पारा सहा-साडेसहा अंशांनी उतरतो. शहाद्यात ४३ असेल तर वर दुपारी ३६-३७ असणारच. पण संध्याकाळी यशवंत तलावावर वारा सुटतो आणि रात्री पंख्याशिवाय झोप लागते. म्हणून दोन रात्री राहा, एका रात्रीसाठी एवढं चढून जाऊ नका. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वन विभागाचं विश्रामगृहही आहे. सुट्ट्यांत आधी ठरवल्याशिवाय निघू नका. सीताखाई आणि खडकी पॉइंट सकाळी सातच्या आत, गोरखनाथाचं देऊळ आणि तलाव संध्याकाळी.

या दिवसांत आमच्याकडे आमचूर करतात, ते मुलीला दाखवा. पावरा आणि भिल्ल आदिवासी बायका कैऱ्या सोलून त्यांचे काप खडकावर, पत्र्यावर वाळत घालतात. पहिल्या दिवशी पांढरे दिसतात, तीन-चार दिवसांत कडा वळून तपकिरी होतात. अख्खं घर त्यात गुंतलेलं असतं, लहान पोरं शेळ्या हाकलत बसतात. विकत घ्यायचं तर त्या घरूनच घ्या आणि भावात घासाघीस करू नका, त्या पैशावर पावसाळ्याची बेगमी होते. फोटो काढण्याआधी विचारा. आणि वाळलेल्या रानात विडी-सिगारेट टाकू नका, एका ठिणगीने अख्खा डोंगर जळतो.

गिरणाकाठ, पाचोरा

दोघांचे मनापासून आभार. अण्णांना वाचून दाखवलं. पाल, मनुदेवी, उनपदेव त्यांनी स्वतः खोडलं, समोर "श्रावण" आणि "थंडी" लिहिलं. परतीचा एकच प्रश्न: प्रकाशा की सरळ धुळं?

महूफूल, धडगाव

पहाटे उतरा आणि आधी प्रकाशाला जा. तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं दर्शन. बॅरेजमुळे उन्हाळ्यातही पात्रात पाणी असतं. नदीकाठी आठपर्यंतच बरं वाटतं. मग मागे येऊन सारंगखेडा, दोंडाईचामार्गे धुळं. दुपारी राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय बघा, ते उघडं असण्याचा वार आधी विचारा. लळिंगचा किल्ला पायी चढायचा आहे, तो अण्णांना महामार्गावरूनच दाखवा.