मनगटावरचा पट्टा सायकलस्वाराचा अनुभव मोजू शकतो का?

धागाकर्ता:
विजेच्या मोटरमुळे सायकल चालवण्याच्या अनुभवात काय फरक पडतो, हे तपासण्यासाठी संशोधक सायकलस्वाराच्या मनगटावर सेन्सरचा पट्टा बांधून नाडीचे ठोके आणि त्वचेची विद्युतवाहकता मोजतात. दचकल्यावर सूक्ष्म घाम सुटतो आणि वाहकता वाढते, हे खरेच आहे. पण पुण्यात एप्रिलच्या दुपारी चांदणी चौकाचा चढ चढणाऱ्याची वाहकता वाढली, तर त्यात भीती किती आणि ऊन किती, हे पट्ट्याला कसे कळावे? मोटर असली की श्रम घटतात, आकडे शांत दिसतात, आणि त्यावरून ‘ताण कमी झाला’ असे ठरवले जाते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच भांड्यातले हवे.

प्रतिसाद १:
आक्षेप रास्त आहे, पण त्यावर तोडगा आहे. उन्हाने आणि श्रमाने वाहकतेची मूळ पातळी सावकाश चढते, तर बाजूने बस घासून गेली की काही सेकंदांत टोकदार उसळी येते. या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या काढता येतात. शिवाय केवळ प्रश्नावलीवर विसंबायचे, तर घरी पोहोचलेला माणूस ‘बरे होते’ म्हणून मोकळा होतो.

धागाकर्ता:
ती उसळी साधारण १ ते ५ सेकंद उशिरा येते, इथेच तर गोम आहे. ताशी १८ किलोमीटर वेगाने ३ सेकंदांत सायकल १५ मीटर पुढे जाते आणि मोटरवर ताशी २५ च्या वेगाने जवळपास २१ मीटर. तेवढ्या अंतरात बसथांबा, खचलेले झाकण आणि दुभाजकातली फट असे सगळे येऊन जाते, मग दोष कोणाला द्यायचा? त्यात खडबडीत रस्त्यावर हँडल घट्ट धरलेल्या मनगटाच्या त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून ठोके मोजताना होणारी गडबड वेगळीच.

प्रतिसाद २:
ठोक्यांसाठी छातीचा पट्टा वापरावा, तो अधिक भरवशाचा असतो. माझी अडचण दुसरीच आहे: उतारावर मोकळे सुटल्याचा आनंद आणि ट्रक अंगावर आल्याची धडकी, दोन्हींत उसळी येते. म्हणून हँडलवरच्या कॅमेऱ्यात टिपलेला तो क्षण दाखवून स्वारालाच विचारायला हवे.

धागाकर्ता:
शेवटी विचारायचेच, तर पट्टा कशाला?

प्रतिसाद १:
पाऊण तासाच्या प्रवासातला नेमका कोणता क्षण दाखवायचा, हे ठरवण्यासाठी.

धागाकर्ता:
एवढ्यापुरते मान्य. मात्र स्वाराला न विचारता, केवळ उसळ्यांवरून काढलेले ताणाच्या जागांचे लाल ठिपके नकाशावर मांडून सायकल मार्ग कुठे हवा हे कोणी ठरवू लागले, तर माझा विरोध कायम राहील.