‘फाएन’ ही नॉर्वेची शिवी आली कुठून?

खानापूरकर:
धाकटा भाऊ नॉर्वेच्या जहाजावर मोटरमन आहे. इंजिनरूममध्ये पाना निसटला की चीफ इंजिनिअर ‘फाएन!’ म्हणून ओरडतो, ऐकायला जवळजवळ ‘फान’. ही आई-बहिणीवरची शिवी आहे काय? मला इंग्रजी ‘फीन्ड’शी, म्हणजे राक्षसाशी, नातं वाटतंय.

निपाणीची अक्का:
आई-बहिणीवरची नव्हे बाळा, सैतानावरची. मूळ शब्द ‘फांदेन’, म्हणजे सैतान. बोलून बोलून झिजला आणि ‘फाएन’ उरलं, जसं आपल्याकडं ‘त्याच्या आयला’चं ‘च्यायला’ झालं. ‘फीन्ड’चा सख्खा भाऊ त्यांच्याकडं वेगळाच आहे, ‘फिएन्दे’, अर्थ शत्रू. ‘फांदेन’ मात्र उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरच्या जुन्या फ्रीजियन भाषेतल्या ‘मोहात पाडणं’ या क्रियापदावरून आला असं कोशकार मानतात. बायबलात सैतान येशूला भुलवायला बघतो, तोच हा भुलवणारा.

फ्रीजियनमधून हा शब्द उत्तर जर्मनीच्या बोलीत आला आणि तिथून नॉर्वेत गेला. सुमारे 1360 पासून बर्गन बंदरात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती, आणि त्या काळात जर्मन शब्दांची नुसती रीघ लागली. बाजार जिथं दोन भाषांचा, तिथं हे व्हायचंच. आपण तूप आणि अडकित्ता कानडीतूनच घेतले की.

रोगावरच्या शिव्याही त्यांच्याकडं आहेत. ‘पोक्कर’ हा सौम्य शब्द मुळात देवीच्या फोडांचा. इथं तंबाखूच्या वखारीत चाळण मारताना कुणी मध्ये आलं की बायका म्हणायच्या, ‘पटकी आली तुला!’ नाकातोंडावर पदर बांधलेला, तरी आवाज दारापर्यंत. पटकी म्हणजे कॉलरा. गावं ओस पडलेली ज्यांनी बघितली, त्यांच्या तोंडी हा शब्द किती जड असेल!

शहापूरचा वाचक:
अक्का, छान सांगितलात. अजून एक: त्यांचा ‘द्रित’ म्हणजे विष्ठा. तोच जुन्या नॉर्समधून, म्हणजे नॉर्वेकडच्या जुन्या भाषेतून, इंग्रजीत गेला आणि अक्षरं उलटीपालटी होऊन ‘डर्ट’ झाला. आपल्या खेड्यात नुकसानीचं ‘नुसकान’ होतं, तसंच.

खानापूरकर:
लई उपकार. काल पंप बंद पडला तेव्हा चीफ ‘फाएन ई हेलवेते’ म्हणाला म्हणे. ते काय?

निपाणीची अक्का:
‘नरकातला सैतान’. हेल ही त्यांची ख्रिस्ती धर्माआधीची मृतांची देवी, ‘विती’ म्हणजे शिक्षा. दोन्ही मिळून हेलवेते. भावाला सांग, अर्थ कळला तरी कॅप्टनसमोर हे तोंडात आणू नको.