चर्चा : पाळकांना मान द्यायचा, म्हणजे नेमकं काय द्यायचं?

सदर_मागचा_बाक :
गेल्या रविवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) सेवेला पंचवीस वर्षं झाली म्हणून मंडळीत सत्कार होता. मंडळीचं नाव मुद्दाम घेत नाही. गेटपासून वेदीपर्यंत फ्लेक्स. महिला संघ, तरुण संघ, गायनवृंद, प्रत्येकाची वेगळी शाल, वेगळा हार, वेगळं भाषण. उपदेश सात मिनिटांत आटोपला, सत्कार पावणेदोन तास चालला. मे महिन्यातलं नागपूर, कूलर दोनच, आणि दोन्हींचं तोंड पुढच्या रांगांकडे. पुढच्या बाकावर बसलेल्या एका आजींना कमिटीतल्या एकाने उठवलं, कारण एक नगरसेवक यायचे होते. आजी काही बोलल्या नाहीत. बाकांना धरत धरत मागे आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय जसाच्या तसा डोळ्यांसमोर घडला. सोन्याची अंगठीवाला सभेत येतो, त्याला चांगली जागा. मळक्या कपड्यांतला गरीब येतो, त्याला 'तिथे उभा राहा, नाहीतर इथे पायाशी बस.' याकोब याला नुसती चूक म्हणत नाही, भेदभाव म्हणतो.

मी आदराच्या विरोधात नाही. आईबापांचा मान राख ही दहा आज्ञांतली आज्ञा आहे, पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा असं लेवीयात आहे, जे तुमच्यामध्ये श्रम करतात त्यांना ओळखा असं पौल थेस्सलनीकाकरांना सांगतो. पण निर्गमातल्या त्या आज्ञेत 'मान राख' यासाठी जो इब्री शब्द आहे, त्याचं मूळ 'जड असणं' हे आहे. आपणही म्हणतो ना, अमक्याच्या शब्दाला वजन आहे. मान देणं म्हणजे त्या माणसाचं वजन आपल्या आयुष्यात जाणवू देणं. शालीला कसलं वजन? सोळा शाली घरी नेऊन पाळकसाहेब करणार काय? माझं मत स्पष्ट आहे : हे सत्कार बंद करावेत.

जरीपटका_काका :
बेटा, तुझ्या त्या आजींना उठवलं ते चूकच. त्यावर वाद नाही. पण त्यावरून शालच काढून टाकायची, हे मला पटत नाही.

माझे आजोबा गावात पाटलाच्या ओसरीबाहेर, उन्हात उभे राहायचे. आत या असं कोणी म्हणत नसे. पाणी वरून ओंजळीत. पुढे ते प्रभूच्या कळपात आले, मिशनच्या शाळेत शिकले आणि शिकवायला लागले. निवृत्त झाले त्या दिवशी मंडळीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि चारचौघांत अंगावर शाल घातली. ती शाल त्यांनी आयुष्यभर पांघरली नाही, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवली. माझ्याकडे आहे अजून. तू विचारतेस शालीला कसलं वजन? ये आमच्या घरी, हातात घेऊन पाहा.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान मिळत आला, त्यांना समारंभ पोकळ वाटू शकतो. ज्यांना मिळाला नाही त्यांच्यासाठी तो चारचौघांतच द्यावा लागतो, कारण अपमानही चारचौघांतच झाला होता. आणि शास्त्रात सगळं गुपचूप कुठे आहे? रोमकरांच्या पत्राचा सोळावा अध्याय पाहा. फिबी, प्रिस्का, अक्विला, पर्सिस, रूफची आई, एकेकाचं नाव घेऊन पौल कौतुक करतो, आणि ते पत्र सगळ्या मंडळीसमोर वाचलं जाणार होतं. लेवीयातही 'उठून उभा राहा' असंच आहे, मनात आदर ठेव एवढ्यावर भागवलेलं नाही. शरीराने दाखवलेला आदर खोटा काहून समजायचा?

सदर_मागचा_बाक :
काका, आजोबांच्या शालीपुढे मी नमते. 'शालीला कसलं वजन' हे वाक्य मागे घेते. पण रोम सोळामध्ये तुम्ही सांगितलेल्या नावांत मला वेगळंच दिसतं. पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले. रूफची आई पौलालाही आईसारखी होती. प्रिस्का आणि अक्विला यांनी त्याच्यासाठी आपला जीव धोक्यात घातला. हे सगळे खुर्चीवरचे लोक नव्हते. फिलिप्पैच्या पत्रात 'अशांना मान द्या' असं पौल ज्याच्याबद्दल लिहितो तो एपफ्रदीत तर मंडळीची मदत घेऊन आलेला माणूस, वाटेवरच्या त्या कामात मरणाच्या दारापर्यंत आजारी पडलेला. आपल्याकडे वर्गणी गोळा करत उन्हातान्हात फिरणाऱ्याला कोणी स्टेजवर बोलावल्याचं मी तरी पाहिलं नाही.

देवाचा_दास_वाडी :
ताई, तुमच्या लिहिण्यात मला कुरकुर दिसते आणि रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन आहे. इब्रीकरांस तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं सरळ लिहिलं आहे. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, तरी एन-गेदीच्या गुहेत दावीदाने त्याला मारलं नाही, नुसतं झग्याचं टोक कापलं तरी त्याचं मन त्याला खाऊ लागलं. मी अठरा वर्षं दारू पीत होतो. आमच्या पास्टरांनी मला रात्री-अपरात्री नालीतून उचलून घरी नेलं आहे. ते काय बोलतात, किती खर्च करतात, हे मी मोजत नाही. तुम्हीही मोजू नये असं मला मनापासून वाटतं.

सदर_मागचा_बाक :
भाऊ, तुमच्या पास्टरांनी जे केलं त्याबद्दल तुम्ही त्यांना जन्मभर मान द्याल, आणि द्यायलाच हवा. मी त्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

पण वचनं पूर्ण वाचू. 'अभिषिक्तांना हात लावू नका' हे एकशे पाचव्या स्तोत्रात आहे आणि तिथे गोष्ट चालली आहे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची. थोडेसे परके लोक, देशोदेशी भटकणारे, आणि देव राजांना बजावतो की यांना त्रास देऊ नका. म्हणजे ते वचन सत्ता असलेल्यांना सांगितलेलं आहे, दुबळ्यांच्या बाजूने. प्रश्न विचारणाऱ्या मंडळीला गप्प बसवायला ते वापरलं की त्याचं तोंडच फिरतं.

दावीदाचं म्हणाल तर गुहेतून बाहेर आल्यावर तो काय करतो? शौलाला 'माझे स्वामी राजे' म्हणून हाक मारतो, जमिनीपर्यंत लवतो, आणि तिथेच, दोघांच्या माणसांसमोर, कापलेलं टोक हातात धरून विचारतो की माझा अपराध काय. लवणंही आहे, जाब विचारणंही आहे, एकाच दमात. तोच दावीद राजा होऊन चुकतो तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर 'तो मनुष्य तूच' म्हणतो. अंत्युखियात पेत्र चुकला तेव्हा पौलाने त्याला समोरासमोर अडवलं. आणि पौल तीमथ्याला लिहितो, की मंडळीच्या वडिलांविरुद्धचा, म्हणजे पुढाऱ्यांविरुद्धचा, आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय दाखल करून घेऊ नको, आणि पुढच्याच ओळीत, जे पाप करतात त्यांना सर्वांसमोर दोष लाव. पहिल्या ओळीने पाळकाचं चहाडीपासून रक्षण होतं, दुसरीने मंडळीचं. आपण पहिली पाठ करतो.

इंदोरा_१० :
मी बौद्ध आहे, तुमच्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही, पण शेजारी मंडळीत असल्यामुळे धागा वाचला. नागपुरात राहून एक आठवण करून द्यावीशी वाटते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत व्यक्तिपूजेचा इशारा दिला होता. कितीही थोर माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका असं त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताचा हवाला देऊन सांगितलं. आम्हीच ते पुरतं पाळतो असं नाही. दीक्षाभूमीवर दरवर्षी जे बॅनर लागतात त्यांत बाबासाहेबांपेक्षा पुढाऱ्यांचे चेहरे मोठे असतात आणि ते पाहून मला त्रास होतो.

जरीपटका_काका :
तुमचा आदर राखून सांगतो. त्याच भाषणात बाबासाहेबांनी धर्मातली भक्ती आणि राजकारणातली भक्ती वेगळी काढली होती. धर्मात ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणात ती अधोगतीकडे नेते, असं ते म्हणाले होते. त्यामुळे ते वाक्य पाळकाच्या सत्काराला सरळ लावता येणार नाही.

इंदोरा_१० :
खरं आहे काका, ते त्यांनी राजकारणाबद्दलच म्हटलं. पण पहिल्या पोस्टमधल्या आजींना उठवलं ते नगरसेवकासाठी. तिथे धर्म कुठे संपला आणि राजकारण कुठे सुरू झालं?

पार्सनेजमधली_मुलगी :
मी हे कधी कुठे लिहिलं नव्हतं.

माझे बाबा चौतीस वर्षं पाळक होते, विदर्भातल्या वेगवेगळ्या गावांत. आम्ही पार्सनेजमध्ये, म्हणजे मंडळीने पाळकाला दिलेल्या घरात राहायचो. कपाट उघडलं की शाली अंगावर पडायच्या. आई त्यांच्या उशांना खोळी शिवायची. त्याच घरात पगार दोन-दोन, एकदा पाच महिने थकायचा. बाबांना साखरेचा आजार होता. एका वर्षी नाताळच्या सत्काराला त्यांना चांदीचा क्रूस दिला, आणि त्याच आठवड्यात औषधवाल्याने उधारी बंद केली होती. क्रूस विकता येत नव्हता. मंडळीने दिलेला, विकला असता तर बोलणं झालं असतं. मी दहावीत होते. मला त्या क्रूसाचा राग यायचा आणि रागाचं पाप वाटायचं.

बाबा गेल्यावर त्यांच्या शास्त्रात मला पहिल्या तीमथ्याचा पाचवा अध्याय पेन्सिलीने अधोरेखित केलेला सापडला. जे वडील चांगला कारभार पाहतात, विशेषतः जे वचन शिकवण्यात श्रम करतात, ते दुप्पट मानास योग्य. लगेच पुढची ओळ : मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नको, आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. मला ग्रीक येत नाही, पण ज्यांना येतं त्यांनी सांगितलं की तिथे 'मान' साठी जो शब्द आहे, 'तिमे', त्याचा अर्थ किंमत असाही होतो. त्याच अध्यायात आधी 'खऱ्या विधवांना मान दे' म्हटलंय आणि त्याचा अर्थ त्यांना पोसणं हाच आहे. मार्काच्या सातव्यात प्रभू परूश्यांवर रागावतो तेही यासाठीच, की आईबापांना द्यायचं ते 'कुरबान' म्हणून देवाला वाहिलं असं सांगून मोकळे होतात. म्हणजे प्रभूच्या लेखीही मान राखण्यात भाकरी येतेच.

काका, तुमच्या आजोबांच्या शालीबद्दल वाचून मी रडले. माझ्या बाबांनाही आधी पगार आणि मग एकच शाल मिळाली असती, तर आम्हीही ती ट्रंकेत जपली असती.

देवाचा_दास_वाडी :
ताई, मी हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. आमच्या पास्टरांच्या घरी कधी काय शिजतं हे मी कधीच विचारलं नाही. ते मोजायला हवं होतं.

हिस्लॉपचा_जुना_विद्यार्थी :
थोडं आपल्या शहराबद्दल. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहायला गेले असताना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री बोरीजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही उभं आहे. पण त्यांचा मान मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतो. आदिवासी जमातींबद्दलची त्यांची टिपणं अर्धवट राहिली होती, ती चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये नीट लावून छापली. गुरूचं असो की मित्राचं, राहिलेलं काम पुरं करणं हा सत्कारच आहे. आणि याच गोष्टीचा दुसरा भाग : नागपूरच्या भूगर्भावरचा १८५५ चा निबंध हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी मिशनरी रॉबर्ट हंटर दोघांच्या नावाने आहे. हंटर हे नाव आज नागपुरात कोण घेतं? आपण एकालाच उंच करतो आणि त्याच्या बरोबरीने राबलेला विस्मरणात जातो.

ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. काही परंपरांत बिशप होते, काहींत नव्हते. कोणाचा अभिषेक खरा, हा वाद सहज पेटला असता. तोडगा असा निघाला, की वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. 'मानाच्या बाबतीत दुसऱ्याला आपल्यापेक्षा थोर माना', रोम बारा-दहा, याचं इतकं सरळ आचरण मला दुसरं माहीत नाही. आणि ते इथे, नागपुरातल्या सदरमध्ये झालं. ज्याच्या हाताखाली डोकं वाकवलं, त्याच्याच डोक्यावर हात ठेवायचा.

जरीपटका_काका :
सरांनी छान आठवण दिली. मी तेव्हा शाळकरी होतो, गर्दीत वडिलांच्या खांद्यावरून फक्त मांडवाचं कापड दिसलं होतं.

पार्सनेजमधल्या बेटीला उत्तर देणं मला जमत नाहीये. मी स्वतः नऊ वर्षं कमिटीत होतो. सत्काराचा खर्च आम्ही एका बैठकीत मंजूर करायचो, आणि पगाराचा विषय 'पुढच्या वेळी' म्हणून ठेवायचो. तेव्हा त्यात गैर वाटलं नाही. माझं मत मात्र बदललेलं नाही : सत्कार बंद करू नका. रोमी शताधिपती कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवलं, मीही माणूसच आहे म्हणाला, पण त्याच्या घरी गेला, त्याचा पाहुणचार घेतला. मान नाकारला नाही, फक्त जागेवर आणला. तसं करा. एक शाल, पाच मिनिटं, उपासना संपल्यावर. आणि पगाराचा हिशेब त्याच्या आधी फळ्यावर.

सदर_मागचा_बाक :
काका, एक शाल आणि पाच मिनिटं मला मान्य आहे. मी 'बंद करा' म्हटलं होतं ते तुमच्यामुळे सोडते. माझी एक अट. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात बाराव्या अध्यायात लिहिलं आहे, की शरीराचे जे अवयव आपल्याला कमी मानाचे वाटतात त्यांना आपण अधिक मान देतो. आमच्याकडे पहाटे पाचला येऊन मंडळीचं घर झाडणाऱ्या मावशी आहेत. त्यांचं पूर्ण नाव मला काल विचारावं लागलं, आणि मी तिथे जन्मापासून जाते.

आजींकडे शनिवारी जाऊन आले. त्यांनी सत्काराबद्दल एक शब्द काढला नाही. पाळकसाहेबांना उन्हात घसा बसला होता, बरा झाला का, एवढंच विचारलं. या रविवारी उपासनेनंतर कमिटीची सभा आहे आणि सभासदांना बसता येतं. मी पगाराचा विषय लेखी देणार आहे. जरीपटक्याहून कोणी येणार असेल तर काका, तुमची सही हवी.

जरीपटका_काका :
साडेदहाला येतो. शालही घेऊन येतो, तुला दाखवायला.