मदत हवी आहे: बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर न्यूमोनिया, ब्रॉन्कोस्कोपी करू द्यावी का?

मंडळी, जरा तातडीचं आहे. धाकट्या भावाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय, डोनर मीच, हाफ मॅच. घरी येऊन जेवायला-खायला लागला होता. जीव्हीएचडीमुळे (डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर हल्ला करतात, तो त्रास) स्टेरॉइड वाढवलं आणि मग बारीक ताप, कोरडा खोकला. परत ॲडमिट. बसल्या जागी ऑक्सिजन ९४, बाथरूमपर्यंत जाऊन आला की ८९. एक्सरेत फारसं काही नाही, पण सीटीत दोन्ही फुप्फुसांत 'ग्राउंड ग्लास', म्हणजे धुरकट डाग.

नाकाच्या स्वॉबचं व्हायरल पॅनल निगेटिव्ह. रक्तात सीएमव्ही हा व्हायरस पॉझिटिव्ह, पण कॉपीज (व्हायरसचं प्रमाण) कमी. डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी करून 'बाल' (BAL) घ्यायचं म्हणतात, म्हणजे नळीने फुप्फुसात सलाईन सोडून तपासणीसाठी परत ओढायचं. प्लेटलेट्स २८ हजार! भावजय सही करायला तयार नाही. 'सीएमव्ही सापडलाय ना, मग त्याचं औषध द्या, नळी कशाला?' यावर काय सांगू?

प्रतिसाद:
मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये असते, डॉक्टर नाही. निर्णय तुमच्या टीमचाच. नाक निगेटिव्ह आणि बाल पॉझिटिव्ह असं होतं, आरएसव्ही किंवा पॅराइन्फ्लुएन्झासारखा व्हायरस खाली फुप्फुसात उतरलेला असतो. ग्राउंड ग्लास न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियातही दिसतं, त्याचं औषध वेगळं. सीएमव्हीचं औषध गॅनसायक्लोव्हिर पांढऱ्या पेशी पाडतं, तेही मॅरो नुकती रुजत असताना. अंदाजाने देत राहणं फुकटचं नाही.

पण बालमध्ये सीएमव्ही निघाला की तोच न्यूमोनियाचं कारण, असंही नाही. तो नुसता तिथे वावरतही असतो. म्हणून फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको, कॉपीज मोजणार का विचारा. पक्कं निदान बायोप्सीत, पण एवढ्या प्लेटलेट्सवर तुकडा काढणं रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचं. नुसतं बाल त्यामानाने सोपं. आधी प्लेटलेट्स चढवणार का? त्याच नमुन्यातून न्यूमोसिस्टिस, गॅलॅक्टोमॅनन (बुरशीची टेस्ट), टीबीचं जीनएक्स्पर्ट लावणार का? नमुना घेतल्यावर रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करता येतं. आणि ऑक्सिजन आणखी घसरला तर ब्रॉन्कोस्कोपीच अवघड होऊन बसते, तेव्हा फार रेंगाळू नका.

धागाकर्ता:
आभार ताई. भावजयीला वाचून दाखवलं. ती आता 'नाही' म्हणत नाहीये, पण तिला एकच विचारायचंय: एवढ्या कमी प्लेटलेट्सवर बाल झालेलं इथे कुणी आहे का, आणि नंतर ऑक्सिजन किती वाढवावा लागला?