विषाणूजन्य न्यूमोनियात हाय फ्लो आधी लावावे की बायपॅप? तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांची मदत हवी आहे

नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे २० खाटांचे रुग्णालय आहे. श्वासनलिकेत नळी टाकून रुग्णाला व्हेंटिलेटरवर दिवसेंदिवस सांभाळण्याची सोय आमच्याकडे नाही. तशी वेळ आली की परभणीला किंवा नांदेडला हलवावे लागते. त्यामुळे फ्लूच्या न्यूमोनियाचा रुग्ण धापा टाकत आला, की पहिल्या तासात कोणते यंत्र लावायचे (नाकातून उबदार, दमट ऑक्सिजन मोठ्या प्रवाहाने देणारे हाय फ्लो, की मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारे बायपॅप) यावर पुढचे बरेच काही ठरते, आणि त्याच निर्णयाबद्दल मला विचारायचे आहे. सीओपीडीमुळे (फुप्फुसाच्या जुनाट, श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या आजारामुळे) कार्बन डायऑक्साइड साचलेल्या रुग्णांबाबत शंका नाही, तिथे बायपॅपच. प्रश्न आहे तो आधी धडधाकट असलेल्या आणि आता केवळ ऑक्सिजन कमी पडत असलेल्या रुग्णांचा.

गेल्या पावसाळ्यात ४६ वर्षांच्या एक बाई एच१एन१ घेऊन आल्या. नॉन-रिब्रीदर मास्कने (पिशवी लावलेल्या ऑक्सिजन मास्कने) मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन ८८ आणि श्वास मिनिटाला ३६. बायपॅपवर सॅच्युरेशन ९४ झाले खरे, परंतु वीस मिनिटांत त्यांनी मास्क ओढून काढला. "डॉक्टर, जीव गुदमरायलाय, काढा हे," एवढेच त्या म्हणत होत्या. मग हाय फ्लो लावले, ५० लिटर प्रवाह आणि ६० टक्के ऑक्सिजनवर. दोन तासांनी सॅच्युरेशन ९२, श्वास २८, म्हणजे रॉक्स निर्देशांक (सॅच्युरेशनला ऑक्सिजनच्या प्रमाणाने आणि मग श्वासाच्या गतीने भागून येणारा आकडा, जितका जास्त तितके बरे) सुमारे ५.५. तो ४.८८ या सुरक्षित मर्यादेच्या वर असल्याने मी निश्चिंत झालो आणि त्या बऱ्याही झाल्या. मात्र या सेटिंगला मिनिटाला सुमारे २५ लिटर शुद्ध ऑक्सिजन लागतो, आणि ७,००० लिटरचा जम्बो सिलिंडर पावणेपाच तासांत संपतो. दिवसाला पाच जम्बो. त्यांचा मुलगा रात्री-अपरात्री पिकअप घेऊन सिलिंडर भरून आणत होता.

दुसरा रुग्ण ३८ वर्षांचा तरुण होता. हाय फ्लोवर तो बसून बोलत होता, जेवतही होता, म्हणून १२ तासांनी ८० टक्के ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९० आणि श्वास ३० असतानाही मी सकाळपर्यंत थांबलो. रॉक्स ३.७५ होता. १२ तासांनंतर ३.८५ च्या खाली धोका असतो हे मला ठाऊक असूनही त्याच्या चेहऱ्यावरच्या स्वस्थपणाने मी फसलो. तो वाचला नाही, आणि आदल्या रात्रीच त्याला हलवायला हवे होते असे मला आजही वाटते.

अभ्यासांकडे पाहावे, तर तेही एका दिशेने बोट दाखवत नाहीत. हाय फ्लो, साधा ऑक्सिजन आणि मास्कचे व्हेंटिलेशन यांची तुलना करणाऱ्या २०१५ च्या फ्लोराली चाचणीत नळी टाकण्याच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, पण ९० दिवसांतील मृत्यू हाय फ्लोच्या गटात कमी होते. कोविडच्या १,२७३ रुग्णांवरील ब्रिटनच्या रिकव्हरी-आरएस चाचणीत नळी किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सीपॅपने (मास्कमधून सतत एकसारखा दाब देणाऱ्या यंत्राने) साध्या ऑक्सिजनच्या तुलनेत ४४.४ वरून ३६.३ टक्क्यांवर आले, हाय फ्लोने मात्र लक्षणीय फरक पडला नाही. आणि सीपॅपचा तो लाभही मुख्यतः नळी टळण्याचा होता, मृत्यू टळण्याचा नव्हे. इटलीच्या हेनिव्हॉट चाचणीत हाय फ्लोच्या तुलनेत हेल्मेटने (डोक्यावर बसवून दाबाने हवा देणाऱ्या पारदर्शक टोपाने) नळीची गरज ५१ वरून ३० टक्क्यांवर आली, पण ते हेल्मेट आमच्याकडे कुठून यावे?

माझी एक अडचण या चाचण्यांत कुठेच येत नाही. आमचे बायपॅप घरगुती वापराचे आहे. त्यात ऑक्सिजन नळीतून बाजूने सोडावा लागतो, म्हणून रुग्णाला नेमके किती टक्के मिळतो हे कळत नाही आणि रॉक्सही काढता येत नाही. शिवाय तो निर्देशांक मुळात हाय फ्लोसाठीच तपासलेला आहे. बायपॅपवर दर श्वासाला, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे ९.५ मिलिलिटरपेक्षा जास्त हवा जात असेल तर अपयशाचा धोका असतो, हे मी पाहतो. पण मास्क गळत असेल तर तो आकडाही भरवशाचा राहत नाही.

तेव्हा ज्यांनी लिक्विड ऑक्सिजनशिवाय, केवळ सिलिंडरवर असे रुग्ण सांभाळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे: दिवसा हाय फ्लो आणि मध्येमध्ये तासभर सीपॅप अशी आलटून-पालटून पद्धत तुम्ही वापरली आहे का, आणि त्यात सिलिंडर खरोखर वाचले का? हाय फ्लोवरचा रुग्ण रुग्णवाहिकेतून नेताना, जिथे ते यंत्र चालत नाही, त्या दीड-दोन तासांत तुम्ही त्याला कशावर ठेवता? आणि हलवण्याचा निर्णय घेण्यासाठी ६ तासांची मर्यादा धरता, की १२?