दोन मुलांची अट नेमकी कोणाला लागते?

'दोन मुलांची अट कडक करा, गरिबांची कुटुंबं लहान होतील' असं काहीजण म्हणतात, पण ते आकड्यांत बसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सर्वांत गरीब पंचमांश घरांतला जननदर (एका बाईला सरासरी होणारी मुलं) २.६, सर्वांत श्रीमंतांचा १.६, महाराष्ट्राचा सरासरी १.७. म्हणजे आधीच दोनच्या खाली!

आपल्याकडे महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत लढवता येत नाही. मजुरी करणाऱ्या जोडप्याला त्याचा काय धाक? उलट मूल किती हवं हे ज्यांच्या हातात नसतं, त्याच बायकांचं सदस्यत्व जातं. पेन्शन नाही, पहिलं मूल जगेल याची खात्री नाही, तिथे तिसऱ्याचा विचार होतोच. शिवाय नसबंदीचा भारही बायकांवरच: त्याच सर्वेक्षणात देशातल्या विवाहित जोडप्यांपैकी ३७.९ टक्क्यांत बाईची नसबंदी, पुरुषाची फक्त ०.३ टक्क्यांत. पाळणा लांबवायची साधनं गावच्या आरोग्य उपकेंद्रात बारमाही मिळाली तर अटीपेक्षा जास्त फरक पडेल.